भुसावळात बसून बर्फावरच्या हॉकीचा हंगाम कसा बघावा

एप्रिलात भुसावळचा पारा ४४ला टेकलेला असतो. कूलर रात्रभर घरघरतो आणि पहाटे तोही गरम हवा फेकायला लागतो. अशा वेळी मी पाणी मारलेल्या ओट्यावर टॅब घेऊन बसतो, आणि समोर बर्फावर धिप्पाड पोरं एकमेकांना फळ्यांवर दाबत असतात. पहिल्या वर्षी आतून आवाज आला होता, “इतलं सकायमा कसाले उठनात?” आमची मंडळी अमळनेरकडची, चिडली की अहिराणीत शिरते. आता विचारत नाही. चहा जरा जास्तीचा टाकते.

मी रेल्वेत गार्ड होतो. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण दारावरच्या पाटीवर मी गार्डच ठेवलंय. मुलगी आणि जावई अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर गावी. स्पेलिंग वाचून मी वर्षभर ‘वॉर्सेस्टर’ म्हणत होतो, नातवाने दुरुस्त केलं. पहिल्यांदा तिकडे गेलो तो डिसेंबर. बाहेर बर्फ, घरात हीटर, आणि मी खिडकीशी. कंटाळलेला म्हातारा बघून जावईबापू एका शुक्रवारी संध्याकाळी डीसीयू सेंटरला, म्हणजे तिथल्या बंदिस्त स्टेडियमला, हॉकी बघायला घेऊन गेले. दारावर संघाचं नाव होतं: वूस्टर रेलर्स. रेलर्स म्हणजे रेल्वेवाले! माझा पक्ष तिथेच, तिकीट फाडायच्या आत ठरला.

परत आल्यावर चार हंगाम इथूनच पाळले. आपल्याकडच्या बऱ्याच आईबापांची पोरं तिकडे आहेत. व्हिडिओ कॉलवर पाचव्या मिनिटाला “बाकी काय?” वर गाडी अडते. त्यांच्या गावच्या संघाचं काही बोलता आलं तर अर्धा तास कुठे गेला कळत नाही. म्हणून हे लिहितोय. आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो: छोट्या लीगमध्ये स्कोअर नंतर बघायचा. आधी माणसांची ये-जा बघायची. हे कळायला मला एक अख्खा हंगाम लागला, तुमचा वाचावा.

ही लीग कुठे बसते

रेल्वेवाल्याला एका वाक्यात सांगता येतं. मालगाडीचा गार्ड, पॅसेंजरचा गार्ड, मेलचा गार्ड. तिकडे सगळ्यात वर एनएचएल, तो मेल-एक्स्प्रेस. त्याखाली एएचएल, तो पॅसेंजर. त्याखाली ईसीएचएल, रेलर्सची लीग, म्हणजे आमची मालगाडी. पगार तिघांनाही मिळतो, म्हणून तिन्ही व्यावसायिक. पण मालगाडीच्या गार्डचं सामान कायम बांधलेलं असतं.

ईसीएचएल १९८८ मध्ये पाच संघांवर सुरू झाली. तेव्हा नाव ईस्ट कोस्ट हॉकी लीग. २००३ मध्ये पश्चिमेकडचे संघ आत आले, मग ‘पूर्व किनारा’ म्हणण्यात अर्थ उरला नाही आणि नुसती अक्षरं राहिली. करंडकाचं नाव केली कप, लीगचे पहिले आयुक्त पॅट्रिक केली यांच्यावरून. फ्लोरिडा एव्हरब्लेड्स या संघाने तो २०२२, २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ तीनदा नेला. फ्लोरिडा म्हणजे नारळ-समुद्राचा मुलुख, तिथे बर्फ क्वचितच पडतो. तेव्हा भुसावळच्या माणसाने बर्फाचा खेळ बघू नये असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण तोंडावर फेकावं. आमच्या रेलर्सनी २०१७ला खेळायला सुरुवात केली आणि २०२५पर्यंत तरी कप बघितलेला नाही. मी मुद्दाम सांगतोय. जिंकणाऱ्या संघाचं शेपूट धरायचं असेल तर दुसरा संघ निवडा.

संघ निवडायचा म्हणजे ज्या गावात आपलं माणूस आहे त्या गावचा. तसं कोणी नसेल तर नाव आवडलं म्हणून निवडा, त्यात काही कमीपणा नाही. रेडिंग रॉयल्स (हेही ‘रीडिंग’ नव्हे), टोलेडो वॉलआय, व्हीलिंग नेलर्स, फोर्ट वेन कॉमेट्स. कॉमेट्स १९५२ पासून चालू आहेत, लीगपेक्षा संघच जुना. मात्र निवडलेला संघ हंगामाच्या मध्यात बदलायचा नाही.

वरच्या संघाचं नाव पाठ करा. ईसीएचएलच्या बहुतेक संघांचं वर कोणाशी तरी नातं असतं. मी बघायला लागलो तेव्हा रेलर्सच्या वर एएचएलचं ब्रिजपोर्ट, आणि ब्रिजपोर्टच्या वर एनएचएलचं न्यूयॉर्क आयलँडर्स. ही तिघांची साखळी डोक्यात नसेल तर पुढचं काहीच समजणार नाही.

घड्याळ

संध्याकाळचे सामने बहुधा तिथल्या ७:०५ला सुरू होतात, आमच्या भाषेत १९:०५. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ते आपले पहाटेचे ४:३५. त्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे घेतात, मग आपले ५:३५. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं परत पुढे, आणि पुन्हा ४:३५. कॅलेंडरवर या दोन रविवारांना लाल पेनाने गोल करून ठेवा.

मी केला नव्हता. पहिल्या नोव्हेंबरात चारला उठलो, बंडी-मफलर घालून बसलो, तर पडद्यावर काही नाही. वाटलं नेट गेलं. उजाडायच्या आत नेटवाल्या पोराला फोन लावून झाडला. त्याने निमूट सगळं तपासलं आणि म्हणाला, “नाना, नेट सुरू आहे, तुमचा सामनाच सुरू नाही.” चौतीस वर्षं मिनिटाचा हिशेब लिहिलेल्या माणसाची ही गत. संध्याकाळी त्याला केळीचे वेफर्स नेऊन दिले.

शुक्रवारचा सामना आपल्याकडे शनिवारी पहाटे, हे सवयीने बसतं. फसवतो तो रविवार. रविवारी दुपारी ३:०५ला ठेवतात, हिवाळ्यात ते आपल्याकडे सोमवारी रात्री १:३५. तो मी बघत नाही, सकाळी निकाल वाचतो. याउलट बोइसीच्या आयडाहो स्टीलहेड्सचे घरचे सामने तिकडच्या ७:१०ला असतात, आणि डोंगराकडची वेळ वेगळी असल्यामुळे हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी ७:४०. ज्यांना पहाट झेपत नाही त्यांनी सरळ आयडाहो धरावं. पोह्यांबरोबर हॉकी.

दाखवतात फ्लोहॉकीवर, पैसे डॉलरमध्ये. मी बघतो ते जावईबापूंच्या कृपेने. पण खरं सांगू, बऱ्याच संघांचं नुसतं समालोचन फुकट ऐकायला मिळतं आणि मला ते जास्त आवडतं. घरचा समालोचक प्रवासाला संघाबरोबरच बसने जातो, त्याला कोणाचा गुडघा दुखतोय ते माहीत असतं. निम्मी बातमी तो बोलण्याच्या ओघात सांगून जातो.

पक घरी करून बघा

नियम वाचण्याआधी हे करा. हसू नका.

पक म्हणजे रबराची चकती, तीन इंच व्यास, एक इंच जाड, वजन १५६ ते १७० ग्रॅम. मी बाजारात चप्पल-बूट शिवणाऱ्याकडून ट्रकच्या जुन्या टायरच्या तीन चकत्या कापून घेतल्या, सोल्यूशनने चिकटवल्या, कडा कानशीने सारख्या केल्या. किराणावाल्याच्या काट्यावर भरली १४८ ग्रॅम. चालतंय. आधी ती तशीच ओट्याच्या शहाबादी फरशीवर ढकलली. दोन हात गेली, मग कडेवर उभी राहिली आणि टुणटुण उडत तुळशीवृंदावनावर आदळली. मग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली, आइस्क्रीमच्या डब्यात, म्हणजे घरात भांडण नको. सकाळी तीच चकती तीच फरशी: सपाट, गुमान, सरळ रेषेत, फाटकापर्यंत. आवाजसुद्धा वेगळा, टुणटुणऐवजी कोरडा खर्रर्र.

म्हणूनच सामन्यात पक गोठवून ठेवतात आणि मधूनमधून बदलतात. गरम रबर उसळतं, थंड रबर सरपटतं. समालोचक “आज पक उड्या मारतोय” म्हणाला की मला आमचं तुळशीवृंदावन आठवतं.

बर्फाचंही तसंच आहे, आपल्याला नवं नाही. बर्फाच्या कारखान्यात लाद्या कशा पाडतात? अमोनियाने खारं पाणी थंडगार करायचं, त्या खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्याचे डबे सोडायचे. तिकडे खारं पाणी नळ्यांतून काँक्रीटच्या तळाखाली फिरवतात आणि वर जेमतेम इंच-सव्वा इंच बर्फ जमवतात. बास, एवढाच. त्यावर सगळा संसार. मधल्या सुट्टीत जे यंत्र फिरतं ते बर्फाचा वरचा थर तासतं आणि मागे कोमट-गरम पाणी पसरत जातं, ते गोठलं की पाटी कोरी. हे यंत्र फ्रँक झांबोनी नावाच्या माणसाने १९४९ मध्ये बनवलं. त्याचा मूळ धंदा बर्फाच्या लाद्यांचाच! घरोघर फ्रीज आले, लाद्यांचा खप गेला, म्हणून त्याने बर्फावर घसरायचं मैदान काढलं. आपल्याकडच्या लादीवाल्यांना हे कोणी सांगितलं नाही.

नियम तीन पुरेत

प्रत्येकी पाच गडी आणि एक गोली, म्हणजे गोल राखणारा. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद, कडेने फळ्या आणि वर काच. गडी खेळ चालू असतानाच बदलतात, पाऊणएक मिनिट जीव तोडून धावायचं आणि फळीवरून उडी मारून बाकावर. दहाव्यांदा बघेपर्यंत हे गर्दीत लोकल पकडल्यासारखं वाटतं, नंतर त्यातली शिस्त दिसते.

ऑफसाइड. मैदानात दोन निळ्या रेघा असतात. हल्ला करणाऱ्याने समोरच्याच्या निळ्या रेघेपलीकडे पकच्या आधी जायचं नाही. एकेरी लाइनवर पूर्वी ड्रायव्हरला टोकनचा गोळा हातात आल्याशिवाय पुढच्या ब्लॉक सेक्शनमध्ये जाता येत नव्हतं, तसं. पक हा गोळा. गोळा आत गेला की मग तुम्ही. मी आमच्या जुन्या मंडळींना एवढंच सांगितलं, एकालाही दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

आयसिंग. स्वतःच्या अर्ध्यातून पक नुसता भिरकावून पलीकडच्या गोलरेषेपार घालवला, तर खेळ थांबतो, पक परत तुमच्याच गोलपाशी आणतात आणि तुम्हाला दमलेले गडी बदलताही येत नाहीत. अंगावरचं काम ढकलून दिलं तर ते व्याजासकट परत. फक्त शिक्षेमुळे तुमचा गडी कमी असेल तेव्हा ही मुभा असते.

शिक्षा. छोट्या गुन्ह्याला दोन मिनिटं खोक्यात, म्हणजे गाडी लूप लाइनला. तेवढा वेळ चौघांनी खेळायचं. त्यात गोल खाल्ला की शिक्षा तिथेच संपते. मोठ्या गुन्ह्याला पाच मिनिटं, आणि ती गोल झाला तरी पूर्ण भोगायची. मारामारीलाही पाच मिनिटं, दोघांनाही. हो, मारामारी होते. हातमोजे टाकून. लाइन्समन, म्हणजे रेघांवरचे पंच, थोडा वेळ बघत राहतात, कोणी पडलं की मध्ये शिरतात. मला हा भाग आवडत नाही, तेवढ्यात मी चहा गाळून घेतो.

आणि डोळ्यांनी पक शोधत बसू नका, तो दिसत नाही. गार्डला ब्रेकव्हॅनमधून इंजिन कुठे दिसतं? पण कपलिंगच्या झटक्यावरून कळतं पुढे चढ आहे की ब्रेक लागलाय. तसं इथे खांदे बघा. पाचही जणांचे खांदे एकीकडे वळले की पक तिकडेच.

रजिस्टर

आता मुख्य काम. दोनशे पानी आडवी वही घ्या. माझ्या वहीत सात रकाने आहेत: तारीख (तिकडची आणि आपली), कोणाशी, घरी की बाहेर, गोली कोण, निकाल, कोण आलं-कोण गेलं, शेरा. स्कोअरला मी छोटा रकाना दिलाय आणि आल्या-गेल्याला मोठा.

कारण सांगतो. आमच्या वेळी मोबाइल नव्हते. रात्री दोनला कॉलबॉय सायकलवरून क्वार्टरला यायचा, खिडकीवर काठी वाजवायचा, “चारची खंडवा, साहेब,” आणि वही पुढे करायचा. झोपेतच सही. हा कॉल का आला, तर बहुतेक वेळा वरचा कोणीतरी आजारी पडलेला असायचा. मेलचा गार्ड सिक झाला की पॅसेंजरवाला मेलवर, पॅसेंजरच्या जागी मालगाडीवाला, आणि मालगाडीला मग जो हाती लागेल तो. इगतपुरीच्या घाटात मेलच्या गार्डला ताप आला की भुसावळात तिसऱ्याच माणसाच्या दारावर काठी वाजायची.

हॉकीत अगदी हेच. एका जानेवारीत आमचा गोली सलग चांगला उभा होता. शनिवारी पहाटे बघतो तर जाळ्यात दुसराच, आणि सहा गोल खाल्ले. मी मुलीला फोन करून सांगितलं, तुमच्या कोचला काही अक्कल दिसत नाही. जावईबापूंनी फोन घेतला. “मामा, त्याला बुधवारीच ब्रिजपोर्टने उचललं. ब्रिजपोर्टचा आयलँडर्सकडे गेला, कारण तिथल्याचा स्नायू दुखावलाय.” मी गप्प. मालगाडी, पॅसेंजर, मेल. आयुष्यभर जे भोगलं ते समोर होतं आणि मला दिसलं नव्हतं, कारण मी फक्त गोल मोजत होतो. त्या दिवसापासून वहीत तो मोठा रकाना आहे.

लीग रोजच्या बदल्या छापते, त्याला ट्रान्झॅक्शन्स म्हणतात. सामना चुकला तरी चालेल, ही यादी चुकवू नका. पाच मिनिटांचं काम. त्यातले शब्द ओळखीचे करून घ्या.

‘रिकॉल्ड’ म्हणजे वरच्याने परत बोलावलं. हे फक्त त्या पोरांना, ज्यांचा करार वरच्या संघाशी आहे आणि जे खाली खेळायला पाठवलेत. ‘लोन’ म्हणजे करार आपला, पण एएचएलवाल्याला माणूस कमी पडला म्हणून उसना दिला. ‘रिअसाइन्ड’ म्हणजे वरून खाली. ‘इंजर्ड रिझर्व्ह’ म्हणजे सिक लिस्ट. ‘रिलीज्ड’ म्हणजे सोडलं, आणि हा शब्द जानेवारीच्या थंडीत वाचताना वाईट वाटतं, कारण लीगमधल्या पोरांना राहायला घर संघच देतो. काम गेलं की चावीही गेली. रेल्वे क्वार्टरमध्ये राहिलेल्याला हे फोड करून सांगायला नको.

माझा सगळ्यात आवडता शब्द म्हणजे ‘फ्यूचर कन्सिडरेशन्स’. एक गडी दुसऱ्या संघाला दिला, बदल्यात काय मिळालं, तर ‘पुढे बघू’. लिहिलेलं अगदी गंभीरपणे असतं. आपल्याकडे गुळाच्या व्यापाऱ्याच्या वहीत असतात तशी उधारी, फक्त माणसाची.

मग ‘इमर्जन्सी गोली’. एक गोली वर गेला, दुसरा जखमी, आणि सामना संध्याकाळी सातला. तेव्हा गावातला कोणीतरी, जो कधीकाळी कॉलेजात गोली होता आणि आता दिवसा वेगळीच नोकरी करतो, त्याला त्या दिवसापुरतं नेमतात. तो बहुधा पूर्ण सामना बाकावर बसून राहतो. माझ्या वहीत अशांसाठी हिरवी शाई आहे.

आणखी एक गोष्ट या रकान्यामुळे कळते. संघात गोली सोडून अनुभवी खेळाडू चारच ठेवता येतात. २६० किंवा जास्त व्यावसायिक सामने खेळलेला तो अनुभवी. म्हणजे तीस-बत्तिशीचा, मुलाबाळांचा, २६० पार केलेला माणूस प्रत्येक संघात चारांपैकीच एक असतो. त्याला जागा सोडावी लागली तर ती खेळ बिघडला म्हणूनच असं नाही, कधी पाचवा कोणी आला म्हणूनही. तुमचा आवडता खेळाडू २४५व्या सामन्यावर असेल तर मोजत राहा. मी मोजतो, आणि रिटायरमेंटची तारीख मोजल्यासारखं वाटतं.

यातून वर कोणी पोचतो का? पोचतो. जोनाथन क्विक २००७-०८ मध्ये रेडिंगसाठी जाळ्यात उभा होता. २०१२ मध्ये त्याने लॉस एंजेलिस किंग्जबरोबर एनएचएलचा करंडक, स्टॅनली कप, उचलला आणि त्या प्लेऑफचा (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचा) सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. अलेक्झांडर बरोज ईसीएचएलच्या दोन-तीन संघांतून भटकत एनएचएलच्या व्हँकूवर कनक्सपर्यंत गेला. पण वहीत त्यांची नावं शोधायला म्हणून बसू नका. शंभरातला एखादा मेलवर जातो, बाकीचे मालगाडीवरच रिटायर होतात, आणि माझं रजिस्टर त्यांच्यासाठी आहे.

गुणतक्ता

जिंकलं तर दोन पॉइंट. जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (एकेका गड्याने एकट्याने गोलीवर चाल करायची) हरलं तरी एक. सरळ हरलं तर शून्य. म्हणून संघासमोर चार आकडे असतात. ३०-२२-५-१ असं दिसलं तर: तीस जिंकले, बावीस सरळ हरले, पाच जादा वेळेत, एक शूटआउटमध्ये. साठ अधिक सहा, पॉइंट ६६. सामने झाले ५८, म्हणजे मिळू शकले असते ११६. ६६ भागिले ११६, .५६९. हा शेवटचा आकडा बघायचा, कारण मध्येच कोणाचे चार सामने जास्त झालेले असतात आणि नुसत्या पॉइंटने फसायला होतं. एकूण सामने ७२. चार गट, प्रत्येक गटातले पहिले चार प्लेऑफला जातात. एवढं बास.

हंगाम कसा सरकतो

ऑक्टोबरच्या मध्यावर सुरुवात, म्हणजे आपली दसरा-दिवाळीची धांदल. पहिल्या दोन आठवड्यांत मत बनवू नका. वरच्या संघांची शिबिरं नुकती उठलेली असतात, रोज तीन-तीन पोरं खाली येतात. मी तर दिवाळीपर्यंत पेन्सिलनेच लिहितो.

डिसेंबरात एक सामना चुकवू नका: टेडी टॉसचा. घरच्या संघाने पहिला गोल केला की लोक स्टँडमधून कापसाची अस्वलं बर्फावर फेकतात, ती गोळा करून गरीब मुलांना आणि दवाखान्यांना देतात. एएचएलच्या हर्शी गावी जानेवारी २०२५ मध्ये १,०२,३४३ खेळणी पडली. खेळ कितीतरी वेळ थांबला, कोणाची तक्रार नाही. हा सामना नातवंडांबरोबर व्हिडिओ कॉल लावून बघावा.

जानेवारी-फेब्रुवारी हा घाट. शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग तीन सामने, आणि मधला प्रवास बसने. वूस्टरहून मेनमधलं पोर्टलंड दोन तासांवर, ते ठीक. पण व्हीलिंगला जायचं तर नऊ-दहा तास. रात्री सामना संपवून ओल्या सामानासकट बसमध्ये, पहाटे कुठेतरी उतरायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी परत बर्फावर. रविवारच्या सामन्यात तिसऱ्या डावात पाय बघा, सगळं दिसतं. मालगाडीवर चौदा तास काढून खंडव्याच्या रनिंग रूमला पोचलेला माणूस कसा जिना चढतो, तसे ते फळी ओलांडतात. म्हणून रविवारच्या पराभवावर मी शेरा लिहीत नाही. इकडे तेव्हा भरिताची वांगी, कळण्याची भाकरी, शेकोटी. वही शेकोटीपासून लांब ठेवा. माझ्या एका फेब्रुवारीच्या पानाला भोक आहे.

मार्चमध्ये दोन गोष्टी एकदम होतात. अदलाबदलीची मुदत संपते आणि कॉलेजांचे हंगाम संपून तिथली शेवटच्या वर्षाची पोरं येऊन दाखल होतात. अचानक बाविशी-चोविशीचे पाच नवे चेहरे. आमच्याकडे प्रशिक्षण केंद्रातून नवी बॅच बाहेर पडली की लॉबीत जसे कोऱ्या शिट्ट्या आणि कोरे झेंडे घेऊन उभे असायचे, तसेच ते दिसतात, हेल्मेटला ओरखडा नाही. त्यांच्यासाठी वहीत आधीच दोन पानं कोरी सोडा.

एप्रिलच्या मध्यावर ७२ सामने संपतात. तुमचा संघ पुढे गेला तर सात सामन्यांच्या मालिका, चार जिंकेल तो पुढे. इथे शूटआउट नाही. बरोबरी झाली की वीस-वीस मिनिटं खेळतच राहायचं, पहिला गोल पडेपर्यंत. एकदा असा एक सामना ऐकताना आपल्याकडे ऊन ओट्यावर आलं, दूधवाला येऊन गेला, आमच्या मंडळींनी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुरणाची डाळ शिजत घातली, तरी गोल होईना. समालोचकाचा घसा बसला होता. शेवटी झाला तेव्हा मी नेमका डाळ घोटत होतो. कोणी केला ते नंतर यादीत वाचून लिहिलं.

संघ बाहेर पडला तरी जूनपर्यंत वही मिटवू नका. उरलेल्या संघांमध्ये तुमच्या वहीतली चार-सहा नावं सापडतील, कोणी उधारीवर गेलेला, कोणी जानेवारीत सोडलेला. त्यांना शोधा, त्यांच्या नावापुढे कुठे पोचले ते लिहा. उन्हाळ्यात लीग प्रत्येक संघाने कोणाचे हक्क राखले त्याच्या याद्या जाहीर करते, तीही उतरवून घ्या. ऑक्टोबरात तिचाच उपयोग होतो. नवं वेळापत्रक आलं की पहिलं पान उघडायचं आणि घरच्या सामन्यांपुढे आपली वेळ लिहून टाकायची, दोन लाल गोल आधी करून. पक फ्रीजरमध्ये परत ठेवा. आमचा सध्या कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलाय, तो दिवाळीपर्यंत मिळणार नाही असं कळलंय.